धाव, टायर आणि पायताण

बैलगाडीच्या लाकडी चाकावरील लोखंडी पट्टीस आपण ‘धाव’ म्हणतों. लोहार ती तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. थंड होतांना आकसलेली धाव चाकाचे सांधे आवळून धरी. झिजलेली धाव पुन्हां भट्टींत जाई व खुरपें किंवा विळा होऊन शेतांत येई. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आमच्या मुदखेडवरून धावूं लागली, तेव्हां स्टेशनावर येणाऱ्या गाड्या याच धावेवर चालत.

पुढें रबर आलें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्लस गुडइअरनें रबर गंधकासह तापविलें, तेव्हां तें उन्हानें चिकट व थंडीनें ठिसूळ होईनासें झालें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉपनें मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला. १९३२ सालीं निजाम सरकारच्या २७ मोटारबसगाड्या रस्त्यावर आल्या. पण ज्या संस्कारानें रबर टिकाऊ झालें, त्याच संस्कारामुळें तें लोखंडासारखें वितळवून नव्यानें ओततां येईना. भट्टी जेथें हरली, तेथें चर्मकाराची रांपी पुढें सरसावली.

१९४२ मध्यें जपाननें मलाया घेतला. दोस्त राष्ट्रांचा रबराचा बहुतेक पुरवठा तुटला आणि जुन्या टायरासही मोल आलें. युद्ध संपलें, तरी गरिबाची टंचाई संपली नाहीं. माझ्या लहानपणीं चर्मकार ट्रकचा टायर कापून जाड तळाच्या चपला करी. बाभळीचा कांटा त्यांतून सहसा पायास पोंचत नसे. फाटक्या ट्यूबचा पोहरा आडावर लोंबत असे.

शाळेंत मीं मुलांकडून गुडइअर व डनलॉप हीं नांवें पाठ करून घेतलीं. ज्याच्या चपला घालून तीं मुलें शाळेंत येत, त्या कारागिराचें नांव मात्र मीं कधीं विचारलें नाहीं. ही चूक माझी.

२०२२ सालीं भारत सरकारनें टाकाऊ टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केले. तें योग्यच झालें. उघड्यावर जाळलेला टायर विषारी धूर सोडतो, आणि अंगणांत टाकलेल्या टायरांत पाणी सांचून डेंग्यूचे डास वाढतात. परंतु टाकलेल्या वस्तूस दुसरा जन्म देण्याची विद्या कायद्यानें प्रथम शिकविली, असें आपण समजूं नये. ती रांपीच्या धारेवर आधींच होती. तिचा दाम आणि मान देणें तेवढें राहून गेलें.