अमेरिकन 'मसल' मोटारींतील सुट्या भागांची विसंगती : एका पुराव्याचा विचार

१९६४ च्या श्रेणीत पॉन्टियाक विभागाने आपल्या टेंपेस्ट गाडीसाठी ३८९ घन इंचांचे इंजिन वैकल्पिक म्हणून देऊ केले आणि जी. टी. ओ. ही गाडी जन्मास आली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. तो वैकल्पिक सामग्रीच्या आडवाटेने चुकविण्यात आला. पुढे 'मसल कार' म्हणून ओळखल्या गेलेल्या वर्गाचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. अशा रीतीने ज्या वर्गाचा जन्मच नियमाच्या अपवादातून झाला, त्याच्याकडून आजचे संग्राहक काटेकोर एकविधतेची अपेक्षा करतात, हे काहीसे विलक्षण आहे.

एकाच महिन्यात तयार झालेल्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांतील भाग जुळले नाहीत की कोणीतरी मागाहून फेरफार केला असा निष्कर्ष काढण्यात येतो. प्रस्तुत लेखकास तो घाईचा वाटतो.

१९६९ ची शेवरले कॅमारो घ्यावी. अमेरिकेत ही गाडी ओहायोतील नॉरवुड व कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइज या दोन कारखान्यांत जुळविली जाई. इंजिनामागील पत्र्यावर जी ओळखपट्टी असे, ती शेवरलेची नसून सांगाडा बनविणाऱ्या फिशर बॉडी विभागाची होती. तिच्यावर रंग, आतील सजावट इत्यादी गोष्टी आढळतात, पण इंजिनाचा थेट उल्लेख नाही. कारण सांगाडा बांधणाऱ्यास त्याचे प्रयोजन नव्हते. नॉरवुडने हंगामाच्या मध्यास या पट्टीवर 'एक्स' अक्षराने आरंभ होणारा संकेतांक घालण्यास सुरुवात केली. त्यावरून झेड-२८ सारखी विशेष गाडी ओळखता येते. व्हॅन नाइजने तो घातलाच नाही. तेव्हा संकेतांक नसलेली पश्चिमेकडील गाडी बनावट ठरत नाही. कार्ब्युरेटरचेही तसेच. रॉचेस्टर या जनरल मोटर्सच्याच विभागाचा 'क्वाड्राजेट' कार्टर या स्वतंत्र कंपनीकडूनही बनवून घेतला जाई. एकाच प्रकारच्या गाडीवर दोन निर्मात्यांची नावे दिसली, तरी दोन्ही अस्सल असू शकतात.

तारखांचा पुरावा याहून बोलका, आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख असते. समोरच्या सपाट जागी जुळणीचा कारखाना, महिना, दिवस व प्रकार यांचा ठसा असतो. 'व्ही' म्हणजे फ्लिंट, 'टी' म्हणजे टोनावांडा. १९६९ मध्ये शेवटची 'डी-झेड' ही अक्षरे ३०२ घन इंचांचे झेड-२८ चे इंजिन दर्शवीत. ओतकाम जुळणीपूर्वीचे आणि जुळणी गाडीपूर्वीची असलीच पाहिजे. मात्र मधले अंतर ठरावीक नसे. मूळ इंजिनामुळे किंमत चढत असल्याने ही सपाट जागा घासून नवा ठसा उमटविणारेही निपजले. त्यामुळे सर्व तारखा अतिशय नेटक्या जुळणे हीच कधी संशयाची खूण ठरते. पोथ्यांचे पाठभेद पडताळणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. लिपिकाने सुबोध केलेला पाठ तो सहसा प्रथम स्वीकारीत नाही.

हंगामाची सीमाही स्थिर नसते. नवी कॅमारो लांबणीवर पडून १९७० च्या फेब्रुवारीत आली, म्हणून १९६९ ची गाडी नेहमीपेक्षा अधिक काळ बनत राहिली. १९७२ साली नॉरवुडचा संप १७४ दिवस चालला. अर्धवट राहिलेल्या गाड्या १९७३ च्या धक्कारोधकांविषयीच्या नियमांत बसेनात, म्हणून पुष्कळशा मोडीत काढाव्या लागल्या.

या मतभेदांचा निकाल कागदपत्रांवरून का लागत नाही? पॉन्टियाकची बिले टिकली आहेत, फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. पण अमेरिकेतील शेवरले कारखान्यांच्या गाडीगणिक नोंदी बहुतांशी नष्ट झाल्या. क्रायसलरच्या गाड्यांत जुळणीचा तक्ता आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, आणि कधी कधी तो दुसऱ्याच गाडीचा निघतो! विक्रेत्यांच्या सुट्या भागांच्या यादीवर विसंबणे हा तर उघड प्रमाद होय. ती यादी दुरुस्तीसाठी असे. एका नव्या क्रमांकाखाली जुने अनेक भाग तीत सामावून घेतले जात. मूळचे काय बसविले होते, हे सांगणे तिचे काम नव्हते.

याच यादीबरहुकूम गाडी 'दुरुस्त' करणारा कारागीर विजोड भाग काढून टाकतो व त्याबरोबर कारखान्याच्या एका दिवसाची नोंदही नाहीशी करतो. नॉरवुडचा कारखाना १९८७ त व व्हॅन नाइजचा १९९२ त बंद झाला. तेथील तपासनिसांनी खडूने व रंगाने ओढलेल्या खुणा काही अस्पर्शित गाड्यांच्या तळाशी अद्याप दिसतात. त्यांचे छायाचित्र घेऊन तशाच खुणा नव्याने रंगविलेल्या गाड्यांवर काढण्याची रीतही आता रूढ झाली आहे.