टाइप हिंट (पायथन)

पायथन भाषेत फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये कोणत्या प्रकारचे मूल्य यावे, हे व्याख्येतच नोंदवण्याची सोय. पॅरामीटरच्या नावापुढे कोलन देऊन प्रकार लिहितात, जसे ‘संख्या : इंट’. फंक्शन जे मूल्य परत करते त्याचा प्रकार कंसाबाहेर, बाणाच्या खुणेनंतर येतो.

असे लिहिण्याची मुभा २००८ मधील पायथन ३.० पासून आहे. अर्थ मात्र तेव्हा ठरवलेला नव्हता. गिडो व्हॅन रॉसम, युक्का लेहतोसालो व लुकाश लांगा यांच्या ‘पेप ४८४’ या प्रस्तावाने तो ठरवला आणि २०१५ च्या ३.५ आवृत्तीत ‘टायपिंग’ मॉड्यूल आले. लेहतोसालो यांचे ‘मायपाय’ हे तपासणीचे साधन त्याआधीचे. प्रस्तावावर त्याचा ठसा स्पष्ट दिसतो.

प्रोग्रॅम चालताना इंटरप्रिटर हे प्रकार तपासत नाही, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. संख्येची दुप्पट करणाऱ्या फंक्शनमध्ये पॅरामीटर ‘इंट’ म्हणून नोंदवला आणि त्याला अवतरणचिन्हांतला ‘५’ दिला, तर कोणतीही तक्रार न होता उत्तर ‘५५’ येते, कारण स्ट्रिंगला दोनने गुणले की ती दोनदा लिहिली जाते. ही चूक मायपाय किंवा पायराइट प्रोग्रॅम चालवण्याआधीच दाखवतात. पायडँटिकसारख्या लायब्ररी मात्र याच नोंदी वाचून प्रत्यक्ष चालताना मूल्ये तपासतात.

प्रकार निवडताना खरा कस लागतो. फंक्शन यादी फक्त वाचणार असेल, तर पॅरामीटरला ‘लिस्ट’ऐवजी ‘सीक्वेन्स’ किंवा ‘इटरेबल’ लिहिणे अधिक योग्य. मग टपलही चालतो. शिवाय ‘इंट’ची लिस्ट मागणाऱ्या फंक्शनला ‘बूल’ची लिस्ट दिली तर मायपायसारखे तपासणीचे साधन ती नाकारते. ‘बूल’ हा ‘इंट’चाच उपप्रकार असला, तरी फंक्शनने त्या लिस्टमध्ये एखादी संख्या घातली तर ती लिस्ट ‘बूल’ची राहणार नाही. ‘सीक्वेन्स’मध्ये भर घालता येत नसल्याने तिथे ही अडचण उद्भवत नाही.

मूल्य नसण्याचीही शक्यता असेल तर ‘नन’ स्पष्ट लिहावा लागतो. ३.१० आवृत्तीपासून (२०२१) दोन प्रकारांमध्ये उभी रेघ देऊन ते थोडक्यात लिहिता येते. पूर्वनिश्चित मूल्य ‘नन’ दिले एवढ्यावरून ती परवानगी गृहीत धरण्याची जुनी पद्धत आता मान्य नाही. कितीही मूल्ये स्वीकारणाऱ्या, एक तारा (*) लावलेल्या पॅरामीटरपुढे ‘इंट’ लिहिले, तर तो प्रकार येणाऱ्या प्रत्येक मूल्याचा असतो. फंक्शनच्या आत मात्र त्या मूल्यांचा टपल मिळतो.