सोंग, फासे आणि नारायणगावचा फड

मंडळी, माणसाच्या अंगी कसब येतं ते कुठून? जन्मातून, सरावातून की निवडीतून? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न पुष्कळ घोळवला. आज तो दोन खेळांच्या आधाराने पाहू. एक अमेरिकेतला, टेबलाभोवती बसून खेळायचा. दुसरा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रांमधला, म्हणजे तमाशा.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. यात एक जण कथा चालवतो आणि बाकीचे एकेका पात्राचं सोंग घेऊन बोलतात. बळ, बुद्धी, चपळाई अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे. पडेल ते दान आपलं. हा झाला जन्म. 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये कौशल्यं टक्क्यांत मोजली गेली आणि जे कौशल्य खेळताना कामी आलं, त्यालाच वाढायची संधी मिळाली. हा सराव. 1986 च्या ‘गर्प्स’मध्ये फासे बाजूला ठेवून खेळाडूच्या हाती ठरावीक पॉइंट दिले. त्यातून हवी ती कौशल्यं घ्यायची, आणि एखादं वैगुण्य पत्करलं तर जादा पॉइंट मिळवायचे. ही निवड. बघा, बारा वर्षांत तिन्ही उत्तरं येऊन गेली.

आता आपल्याकडे वळू. तमाशात गण, गवळण, बतावणी झाली की वग उभा राहतो. जुन्या फडांत वगाची संहिता लिहिलेली नसे. कथानक ठाऊक असे, संवाद ज्याचे त्याने जागेवर रचायचे. त्यामुळे सोंगाड्या हजरजबाबी असला की वगात त्याचीच जागा वाढे. गळा चांगला असला की गाणी वाढत. पात्र नटाच्या कसबाप्रमाणे बेतलं जाई. नियमांचं पुस्तक नव्हतं एवढंच, पद्धत तीच.

पण फडात पाऊल कोणी टाकायचं, हे मात्र बहुतेकदा जातीने ठरवलेलं होतं. महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी हा खेळ जगवला. ब्राह्मण घरातल्या पठ्ठे बापूरावांनी तो स्वतः निवडला, तेव्हा त्यांना जातभाईंचा रोष पत्करावा लागला. म्हणजे निवड होती, पण तिची किंमत खेळाबाहेर मोजावी लागे.

नारायणगावच्या विठाबाईंचं उदाहरण घ्या. 1935 चा जन्म. वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापूंचा फड. फासे तिथेच पडले होते. पण नुसत्या दानाने कोणी विठाबाई होत नाही, बरं का! लावणी, अदा, वगातली भूमिका हे सारं रात्रीमागून रात्री बोर्डावर उभं राहून वाढलं. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. आणि 2002 मध्ये त्या गेल्या, त्या आर्थिक विवंचनेत. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

इथे टेबलावरच्या खेळाचा नियम तुटतो. तिथे वैगुण्य घेतलं तर त्याचा मोबदला नियमाने मिळतो, कारण सगळ्यांनी तो नियम आधी मान्य केलेला असतो. इथे मात्र जात, बाईपण आणि फिरस्ती यांचं ओझं कलावंताने वाहायचं, आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवायचा नाही. टाळ्या आणि शिट्ट्या मिळतात, पण म्हातारपणाची तरतूद होत नाही.

नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटीची माणसं सुपारी द्यायला येतात. सोंगाड्या कोण, गाणारी कोण, वग कोणता, हे विचारूनच बोली होते. म्हणजे कसबाची पारख आपल्याला नक्की आहे. मग त्या कसबाच्या मोलाचे नियम करायचं काम आम्ही-तुम्ही, म्हणजे समोर बसणाऱ्यांनी, दुसऱ्या कोणावर टाकायचं? यंदा घोडेगाव-मंचरकडची मंडळी सुपारी द्यायला राहुटीत बसतील, तेव्हा आकड्याबरोबर हेही बोलून घ्यावं, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.