शेजाऱ्याचे पाणी

गुरे सुटून दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली की धनी म्हणतो, "दावे पक्के बांधले होते हो, तुटले त्याला मी काय करू?" ज्याचे पीक गेले तो म्हणतो, "दावे तुझे, गुरेही तुझी. माझी ज्वारी तर गेली ना?" अशाच एका भांडणातून विलायतेत कायद्याचा मोठा नियम निघाला. तो आपल्या देशात आला आणि इथे त्याचे रूप पालटले. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी एक खुलासा केलेला बरा. चोरी, मारामारी हे गुन्हे. त्यांचा दंड सरकारजमा होतो. पण काही करारमदार नसताना कोणाच्या कृत्याने आपले नुकसान झाले, आणि आपण दिवाणी कोर्टात भरपाई मागितली, तर त्या कृत्याला अपकृत्य म्हणतात; वकिलांच्या बोलीत टॉर्ट. वादीला बहुधा तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रतिवादीवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्याने तीत कसूर केली, आणि त्यामुळे आपले नुकसान झाले. आता धन्याने कसूर केलीच नसेल तर?

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात जॉन रायलंड्स नावाचा मोठा गिरणीमालक होता. गिरणीला पाणी हवे म्हणून त्याने १८६० साली तलाव बांधवला. स्वतः कुदळ धरली नाही. जाणता इंजिनिअर नेमला, कंत्राटदार लावला. खोदताना जुन्या, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींची मातीने बुजलेली विवरे लागली. कंत्राटदाराच्या माणसांनी ती नीट पक्की केली नाहीत, आणि मालकाला त्यांचा पत्ताही नव्हता. तलाव भरत आला, आणि ११ डिसेंबरला तळ खचला. पाणी जुन्या भुयारांतून थेट शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या चालू खाणीत शिरले.

फ्लेचर कोर्टात गेला. १८६५ साली पहिल्या मोठ्या न्यायालयात तो हरला : रायलंड्सने चूक केली नाही, मग भरपाई कसली? पण वरच्या कोर्टात १८६६ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी गुरांचाच दाखला घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्या सोयीसाठी जो माणूस जमिनीवर अशी वस्तू आणून साठवतो, की ती सुटली तर शेजाऱ्याचा नाश करील, त्याने ती आपल्या जोखमीवर सांभाळावी. हयगय झाली की नाही, हा प्रश्नच नाही. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हाच निकाल कायम केला. मात्र लॉर्ड केर्न्स यांनी जोड दिली, की जमिनीचा तो वापर नैसर्गिक नसावा. पुढे अस्मानी संकट, तिऱ्हाइताचे कृत्य अशा पळवाटाही मान्य झाल्या.

हा नियम हिंदुस्थानात आला तो आगगाडीच्या पाठोपाठ. आजच्या आंध्र प्रदेशातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव अतिवृष्टीने फुटले आणि मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले. कंपनीने रायलंड्सचा निकाल पुढे केला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७४ साली तो इथे लावायला नकार दिला. हे तलाव कोणा एकाच्या गिरणीसाठी हौसेने बांधलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या रयतेची शेते त्यांवर पिकत होती, आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. त्याची हयगय दिसली नाही, म्हणून भरपाई नाही. भंडाऱ्याकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सहज पटेल. मला तरी हा निकाल शहाणपणाचा वाटतो. लँकेशायरचे माप इथल्या बांधाला लागत नाही, हे लंडनमध्ये बसून ओळखणे सोपे नव्हते.

मग शंभरावर वर्षांनी पाण्याच्या जागी वायू आला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. पुरते वर्ष होते न होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : जुना नियम, त्याच्या पळवाटांसकट, अजून चालवायचा काय? २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी नाही म्हणून सांगितले. घातक धंदा करून जो नफा घेतो, त्याची जबाबदारी संपूर्ण. अस्मानीची सबब नाही, तिऱ्हाइताचीही नाही. शिवाय कारखाना जेवढा बलाढ्य, तेवढी भरपाई मोठी. म्हणजे दावे कसे तुटले, ही चौकशीच नको.

आणि भोपाळचे काय झाले? त्या खटल्यात हा नियम कसाला लागलाच नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी आहे म्हणून केंद्र सरकारने पुढे जादा भरपाईसाठी अर्ज केला. तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.