चित्राआधी पोचलेली चौकट

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळातल्या एखाद्या गुरुवारी संध्याकाळी काय दाखवलं, हे आज शोधायचं तर जायचं कुठे? फितींचा भरवसा नाही. बरंचसं थेट प्रक्षेपण, त्यात टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या. उरतो कागद.

रेडिओचं बरं होतं. १९२७ साली मुंबईतूनच ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघालं, १९३५ मध्ये ते ‘इंडियन लिसनर’ झालं, १९५८ मध्ये ‘आकाशवाणी’. पानंच्या पानं वेळापत्रक! टीव्हीच्या वाट्याला आली रोजच्या पेपरातली कोपऱ्यातली चौकट. शिवाय पडद्यावरच ‘साप्ताहिकी’ असायची. आठवडाभराचे कार्यक्रम त्यात सांगायचे. कुणी वहीत उतरवून घेतले असतील तर ठीक, नाहीतर गेले हवेत.

आता भडगाव बघा. वरळीचा मनोरा इथून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, मध्ये सह्याद्री. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेतच जातात, त्यामुळे चित्र येणं शक्यच नव्हतं. मुंबईचे पेपर मात्र रेल्वेने कजगाव-पाचोऱ्यापर्यंत यायचे. म्हणजे ‘गजरा’, ‘छायागीत’ ही नावं गिरणाकाठी आधी छापून आली, चित्र मागाहून. १९८४ च्या सुमारास देशभर छोट्या प्रक्षेपकांची रांग लागली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या गच्च्यांवर अँटेना दिसू लागले. पेपरात चौकट आहे म्हणजे गावात टीव्ही होता, असा हिशेब म्हणूनच चुकतो.

दुसरी गोम अशी की चौकट म्हणजे लॉग नव्हे, नुसता प्लॅन. ३१ ऑक्टोबर १९८४ ची घ्या. सकाळचे पेपर छापून झाल्यावर इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशीचा छापील कार्यक्रम दाखवला गेलाच नाही. एरवीही ‘व्यत्यय’ची पाटी कधी लागेल, हे कुठला पेपर आधी छापणार?

बीबीसीने ‘रेडिओ टाइम्स’मधल्या १९२३ पासूनच्या याद्या स्कॅन करून २०१४ मध्ये सर्चसाठी खुल्या केल्या. आपल्या चौकटी जुन्या वाचनालयांच्या फायलींत आहेत, आणि आजीच्या ट्रंकेत तळाला अंथरलेल्या पेपरांतही. सापडली तर फोटो काढताना पानाच्या माथ्यावरची तारीख आणि आवृत्तीचं गाव फ्रेममध्ये घ्या. नुसत्या चौकटीवरून ती कुठली, कधीची, हे कळत नाही.