निमंत्रणपत्रातून जन्मलेली परिषद

एखाद्या शास्त्राच्या अभ्यासकांनी ठरलेल्या गावी, ठरलेल्या तारखांना जमावे, शोधनिबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी आणि पांगण्यापूर्वी पुढच्या वर्षीचे गाव ठरवावे, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती विज्ञानाइतकीच जुनी असावी असे सहज वाटते. प्रत्यक्षात तिचे वय जेमतेम दोन शतकांचे आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये आणि पॅरिसची विज्ञान अकादमी १६६६ मध्ये स्थापन झाली; परंतु या संस्था आपापल्या राजधानीत ठाण मांडून होत्या आणि दूरच्या गावातल्या अभ्यासकाचा त्यांच्याशी संबंध येई तो पत्रांमधून व १६६५ पासून निघू लागलेल्या नियतकालिकांमधून. एकाच विषयात आयुष्य घालवलेली दोन माणसे परस्परांचे लेखन वर्षानुवर्षे वाचत आणि एकमेकांचा चेहरा न पाहताच जगाचा निरोप घेत. ही उणीव भरून काढण्यासाठी जो उपाय निघाला त्याचे पहिले रूप भाषणाचे किंवा निबंधाचे नव्हते, तर पत्राचे होते: अमुक ठिकाणी, अमुक दिवशी जमावे, अशा प्रस्तावाचे. परिषदेची कुळकथा म्हणजे मुख्यतः अशा निमंत्रणपत्रांची कथा आहे.

मराठीने या रीतीसाठी निवडलेला शब्द मात्र रीतीहून कितीतरी जुना आहे. बृहदारण्यकोपनिषदात श्वेतकेतू पांचालांच्या परिषदेत जातो, आणि धर्मशास्त्रात शंकास्थळांचा निर्णय देणाऱ्या विद्वानांच्या मंडळाला परिषद म्हटले आहे. त्याहून जवळचा धागा चरकसंहितेत सापडतो. तिच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्यांशी केलेली चर्चा, हा ज्ञानवृद्धीचा उपाय सांगितला असून तिचे दोन प्रकार मानले आहेत: सलोख्याने होणारी ती संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी ती विगृह्यसंभाषा. ज्यांच्यासमोर बोलायचे ती परिषदही तेथे पारखली आहे. ती जाणती असते किंवा अजाण, आणि यांपैकी प्रत्येक मित्रभावाची, तटस्थ किंवा आधीच विरोधात बसलेली असू शकते. कोणत्याही शोधनिबंधवाचकाला आजही ही वर्गवारी ओळखीची वाटेल. तथापि आधुनिक विज्ञानपरिषद या परंपरेतून उतरली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. नाव या मातीतले आहे, कूळ युरोपातले आहे, आणि नावाने कुळाचे मर्म अचूक पकडले आहे, एवढेच म्हणता येते.

त्या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर जिनिव्हाचे औषधनिर्माते आंरी-आल्बेर गोस यांच्याकडे जावे लागते. त्यांच्या पुढाकाराने १८१५ मध्ये स्विस निसर्गअभ्यासकांची एक संस्था निघाली, जी दरवर्षी वेगळ्या गावी भरत असे. स्वित्झर्लंडला एकच एक विद्याकेंद्र नसल्यामुळे फिरते राहणे तिला सोयीचे होते. जर्मनीची स्थिती याच प्रकारची, पण अधिक कठीण होती, कारण तो देश अनेक राज्यांत विभागलेला होता आणि १८१९ च्या कार्ल्सबाड निर्बंधांनंतर विद्यापीठे व छापखाने यांच्यावर सरकारी नजर होती. येना विद्यापीठातील निसर्गतज्ज्ञ लोरेन्झ ओकेन हे ‘इसिस’ नावाचे नियतकालिक चालवीत. त्यातील राजकीय मजकुरामुळे नियतकालिक सोडा किंवा प्राध्यापकपद सोडा, असा पेच त्यांच्यापुढे टाकण्यात आला, तेव्हा १८१९ मध्ये त्यांनी पदावर पाणी सोडले. त्याच ‘इसिस’मधून १८२१ मध्ये त्यांनी स्विस नमुन्याचा हवाला देत जर्मन निसर्गअभ्यासकांनी व वैद्यांनी वर्षातून एकदा एकत्र यावे, असा प्रस्ताव मांडला. १८ सप्टेंबर १८२२ रोजी लाइपझिग येथे पहिली सभा भरली तेव्हा उपस्थिती वीसच्या आसपास होती. अशा जमावाकडे सत्ताधारी संशयाने पाहत, हे लक्षात घेतले तर त्या विसांचे येणे लहान वाटत नाही.

या सभेने केलेले नियम मुद्दाम पाहण्यासारखे आहेत, कारण आजच्या परिषदेची हाडे त्यांत दिसतात. संस्थेचा मुख्य हेतू म्हणून नव्या शोधांचे प्रकाशन किंवा विज्ञानाची प्रगती असे काही लिहिलेले नव्हते. निसर्गअभ्यासक व वैद्य यांना परस्परांशी प्रत्यक्ष ओळख करून घेण्याची संधी मिळावी, हा हेतू स्पष्ट शब्दांत नोंदवला होता. सभासदत्वासाठी शास्त्रविषयक लेखन प्रसिद्ध झालेले असणे आवश्यक होते आणि केवळ पदवीचा प्रबंध त्यासाठी पुरेसा धरला जात नसे. सभा दरवर्षी १८ सप्टेंबरला सुरू व्हावी, गाव दरवर्षी बदलावे, पुढचे गाव आधीच्या सभेत ठरावे आणि व्यवस्था पाहणारे कार्यवाह त्या गावचेच रहिवासी असावेत, असे ठरले. संस्थेने संग्रह करू नये आणि आपले दप्तर वगळता कोणतीही मालमत्ता बाळगू नये, हा नियम तर विलक्षण दूरदृष्टीचा होता. इमारत, संग्रहालय आणि नोकरवर्ग यांचा भार ज्या संस्थेवर नाही तिला दरवर्षी नवे गाव यजमान म्हणून लाभू शकते. स्थानिक आयोजन समिती नावाची जी गोष्ट आज प्रत्येक परिषदेच्या मागे राबते तिचा उगम या कलमात आहे.

हाले, वुर्झबुर्ग, फ्रँकफुर्ट, ड्रेस्डेन आणि म्युनिक अशी गावे घेत ही सभा १८२८ मध्ये बर्लिनला पोहोचली, आणि तेथे तिला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारखा यजमान लाभला. अमेरिका खंडातील प्रवासामुळे त्यांची कीर्ती युरोपभर झालेली होती आणि प्रशियाच्या दरबारात त्यांचा शब्द चाले, त्यामुळे कालपर्यंत संशयास्पद असलेल्या मेळाव्याला राजा स्वतः उपस्थित राहिला. स्वागतासाठी तरुण फेलिक्स मेंडेल्सझोन यांच्याकडून खास संगीतरचना करवून घेण्यात आली. उद्घाटनाच्या भाषणात हुम्बोल्ट यांनी मूळ हेतूचीच आठवण दिली: अशा मेळाव्याचे खरे फळ परस्परांच्या सान्निध्यात आणि तोंडी विचारविनिमयात असते. त्याचे प्रत्यंतर त्यांच्याच घरात आले. गॉटिंगेनचे गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस हे प्रवासाला नाखूश असलेले गृहस्थ त्या वेळी हुम्बोल्ट यांच्याकडे पाहुणे म्हणून उतरले होते; या बर्लिनभेटीत हाले येथील तरुण भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांची त्यांच्याशी ओळख झाली, १८३१ मध्ये वेबर गॉटिंगेनला प्राध्यापक म्हणून आले आणि १८३३ मध्ये या दोघांनी वेधशाळा व भौतिकी प्रयोगशाळा यांच्यामध्ये तार ओढून विद्युत्संदेशवहनाचा प्रयोग यशस्वी केला. बर्लिनच्या कोणत्याही निबंधात हा तारायंत्राचा प्रयोग नव्हता.

बर्लिनच्या सभेतच आणखी एक रीत रुळली, ती म्हणजे विभागांची. शेकडो लोक जमल्यावर वनस्पतितज्ज्ञाने शस्त्रक्रियेवरील निबंध ऐकत बसणे व्यर्थ होते, म्हणून सर्वसाधारण सभेबरोबर विषयवार बैठका भरू लागल्या. ही सोय अपरिहार्य होती, पण तिने एक नुकसानही केले: ज्ञानाची शाखा बदलली की खोली बदलली, आणि निबंधांची संख्या वाढत गेली तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ आटत जाऊन चर्चेसाठी दोन-चार मिनिटेच उरू लागली. १९७० नंतरच्या दशकात भित्तिपत्रकाची, म्हणजे पोस्टरची, पद्धत मोठ्या परिषदांत पसरली ती या कोंडीवरचा उतारा म्हणून. संशोधक आपले काम फलकावर लावून शेजारी उभा राहतो आणि ज्याला त्यात रस आहे तो थांबून प्रश्न विचारतो. व्यासपीठावरील निबंधापेक्षा ही पद्धत दुय्यम समजली जाते. वंशावळ पाहिली तर ओकेन यांच्या पहिल्या नियमाशी अधिक इमान तिनेच राखले आहे.

बर्लिनच्या सभेला इंग्लंडहून चार्ल्स बॅबेज आले होते आणि त्यांनी तिचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी फेब्रुवारी १८३१ मध्ये यॉर्क येथील तात्त्विक संस्थेचे कार्यवाह जॉन फिलिप्स यांना एक पत्र लिहिले. परिषदेच्या प्रस्तावाचा नमुना म्हणून हे पत्र आजही पुढे ठेवता येईल. यॉर्क तिन्ही राज्यांच्या मध्यावर पडते, हे निवडीचे कारण देऊन ब्रूस्टर यांनी चौकशी केली ती तीन गोष्टींची: शंभराहून अधिक माणसांची सोय गावात होईल काय, स्थानिक संस्था हे काम मनापासून अंगावर घेईल काय, आणि नगराध्यक्ष व परिसरातील वजनदार मंडळी पाठीशी उभी राहतील काय. आज एखाद्या व्यावसायिक संस्थेच्या कार्यकारिणीपुढे परिषदेचा प्रस्ताव ठेवणाऱ्याला लांबलचक अर्ज भरावा लागतो, अंदाजपत्रक जोडावे लागते, सभागृहांचे नकाशे द्यावे लागतात. पण तो कागद पिळून काढला तर जागा, यजमान आणि पाठबळ हेच तीन प्रश्न हाती उरतात. यॉर्कने होकार दिला, सप्टेंबर १८३१ मध्ये ३५३ लोक जमले, विल्यम व्हर्नन हारकोर्ट यांनी तयार केलेली घटना स्वीकारली गेली आणि ब्रिटिश असोसिएशन अस्तित्वात आली. तिने जर्मन नमुन्यात भर घातली ती संशोधनाला अनुदान देण्याची आणि एकेका शास्त्राच्या सद्यःस्थितीवर अहवाल लिहवून घेण्याची. तिच्या १८३३ च्या केंब्रिज सभेतील वादातूनच विल्यम ह्युएल यांनी ‘सायंटिस्ट’ हा शब्द सुचवला. माणसे एकत्र बसली तेव्हा आपल्या जमातीला नाव नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

आतापर्यंतच्या सभा सर्व शास्त्रांच्या होत्या. एकाच व्यवसायातील लोकांनी एका अडचणीसाठी देशोदेशीहून जमावे, हा पुढचा टप्पा रसायनशास्त्रज्ञांनी गाठला, आणि तोही मागे कोणती स्थायी संस्था नसताना. १८५० नंतर रसायनशास्त्राची अवस्था अशी होती की अणुभार कोणते मानायचे यावर एकमत नव्हते, त्यामुळे पाण्याचे सूत्रसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिले जाई, आणि ॲसेटिक आम्लासारख्या साध्या पदार्थाची १९ सूत्रे आउगुस्ट केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात दाखवून दिली. तिशीच्या उंबरठ्यावरचे केकुले तेव्हा बेल्जियममधील गेंट येथे प्राध्यापक होते. त्यांनी १८५९ च्या शरद ऋतूत कार्ल्सरूहचे कार्ल वेल्टझिन यांच्यापुढे परिषदेची कल्पना मांडली, पॅरिसचे आडॉल्फ व्युर्ट्झ यांना सामील करून घेतले, आणि १० जुलै १८६० चे निमंत्रणपत्र जर्मन, फ्रेंच व इंग्रजी अशा तीन भाषांत, ४५ नामवंतांच्या नावांसह रवाना झाले. मतभेद मिटवणारा बंधनकारक निर्णय सभा देऊ शकणार नाही, पण गैरसमज दूर करू शकेल, हे त्या पत्रातच मान्य केले होते. विज्ञानात सत्य बहुमताने ठरत नाही, ही मर्यादा निमंत्रण देतानाच सांगून टाकणे मोठ्या प्रामाणिकपणाचे होते.

३ ते ५ सप्टेंबर या तीन दिवसांत कार्ल्सरूह येथे १२० हून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. अणू, रेणू आणि तुल्यांक या संज्ञांवर पुष्कळ खल झाला. शेवटच्या दिवशी जेनोव्हाचे स्तानिस्लाव कान्निझारो यांनी, १८११ मध्ये अव्होगाद्रो यांनी मांडलेले आणि दुर्लक्षित राहिलेले गृहीतक स्वीकारले की रेणूंचे व अणूंचे भार सुसंगतपणे काढता येतात, हे आवेशाने प्रतिपादिले. अव्होगाद्रो यांचे निधन चार वर्षांपूर्वीच झाले होते. ठराव झाला नाही. सभा निकालावाचून संपली. परंतु माणसे पांगत असताना पाव्हियाचे आंजेलो पावेझी यांनी कान्निझारो यांची १८५८ ची एक छोटी पुस्तिका हातोहात वाटली. लोथार मायर यांनी ती खिशात घातली, परतीच्या वाटेवर वाचली, घरी पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यांच्या मनातील संशय फिटला. श्रोत्यांत दिमित्री मेंडेलीव्हही होते. नऊ वर्षांनी त्यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली ती या नव्या अणुभारांच्या आधारावर. पुस्तिका दोन वर्षे छापलेलीच होती, पण जिच्या लेखकाला बोलताना ऐकले ती पुस्तिका वाचण्याची निकड वेगळी असते.

भारतात ही रीत आली तीही पत्राच्याच वाटेने. व्ही. रामस्वामी अय्यर यांनी २५ डिसेंबर १९०६ रोजी आपल्या गणितप्रेमी मित्रांना पत्र लिहिले आणि १९०७ मध्ये त्यातून पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी हे नाव धारण करणारी संस्था निघाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवले होते आणि गणिताची नियतकालिके तेथून टपालाने सभासदांकडे फिरत. जवळजवळ दशकभर ही संस्था टपालावरच जगली. तिची पहिली परिषद मद्रासला भरली ती १९१६ मध्ये. तोवर सर्व शास्त्रांची भारतीय परिषद सुरू झालेली होती. मद्रासचे जे. एल. सायमनसेन आणि लखनौचे पी. एस. मॅकमाहन या दोन रसायनशास्त्रज्ञांना, ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर येथेही वार्षिक मेळावा व्हावा, असे वाटले, कारण अफाट अंतरांमुळे येथील संशोधक एकएकटे पडले होते. त्यांच्या पत्रव्यवहारानंतर २ नोव्हेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७ जण जमले, आणि १५ ते १७ जानेवारी १९१४ या दिवसांत आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन तेथेच झाले. १०५ शास्त्रज्ञ, ३५ निबंध आणि सहा विभाग, असा तिचा पसारा होता.

या परिषदेचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात ब्रिटिश असोसिएशनसह संयुक्तपणे भरवण्यात आले, म्हणजे यॉर्कचे घराणे आपल्या भारतीय शाखेच्या घरी पाहुणे आले. अध्यक्ष म्हणून अर्नेस्ट रदरफर्ड यांची निवड झाली होती आणि त्यांनी भाषण लिहून तयार ठेवले होते. परंतु १९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी जेम्स जीन्स अध्यक्ष झाले आणि रदरफर्ड यांचे लिखित भाषण त्यांनी सभेपुढे वाचले.