टाळेबंदीतले ‘ड’ वर्ग वाचनालय

महाराष्ट्रातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे शासनमान्यांपैकी सर्वांत लहान गटातल्या, सार्वजनिक वाचनालयाचे सगळे दप्तर एका कपाटात मावते. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीची पावतीपुस्तके, कीर्द, कार्यकारी मंडळाचे इतिवृत्त आणि हिशेबतपासनिसाचा वार्षिक अहवाल. करोनाकाळात या वाचनालयांनी काय केले, हे शोधायला या वह्या अपुऱ्या पडतात, कारण मार्च २०२० नंतर कित्येक महिने वाचनालय कागदोपत्री बंदच असते. म्हणून वह्यांच्या शेजारी शासनाचे आदेश ठेवून वाचावे लागते.

आदेशांचा क्रम पक्का लावता येतो. मुंबईतल्या प्लेगमुळे झालेला १८९७ चा साथरोग कायदा राज्याने मार्च २०२० च्या मध्यावर लागू केला. २३ मार्चपासून राज्यभर जमावबंदी आली, २५ पासून देशभर टाळेबंदी. रेशनची दुकाने, बँका, एटीएम, पेट्रोल पंप, वृत्तमाध्यमे यांना सूट होती. सूट मिळालेल्यांच्या यादीत वाचनालय नव्हते. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकाने अटींसह उघडू लागली. ३० सप्टेंबरच्या आदेशाने ५ ऑक्टोबरपासून हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. वाचनालयांचा उल्लेख आला १४ ऑक्टोबरच्या आदेशात, आणि परवानगी दुसऱ्या दिवसापासून.

१५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस. राज्यात तो २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. योगायोग मोहात पाडणारा आहे खरा, पण त्यात शासनाचा हेतू शोधू नये. त्याच आदेशाने मेट्रोला आणि आठवडी बाजारांनाही वाट मोकळी करून दिली होती.

बंद काळातला वाचनालयाचा खरा तोटा मला पुस्तकांपेक्षा वर्तमानपत्रांच्या टेबलावर दिसतो. गावातल्या वाचनालयात सकाळी येणाऱ्यांपैकी कित्येकांना पुस्तक न्यायचेच नसते. चार पेपर चाळायचे, गावच्या गप्पा मारायच्या आणि घरी जायचे. राज्याने १८ एप्रिलला घरोघर वृत्तपत्र टाकण्यावर बंदी घातली, ती तीन दिवसांत मुंबई-पुण्याच्या महानगर क्षेत्रांपुरती आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती आणली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर उठवली. म्हणजे पेपर विकत घेणाऱ्याच्या दारात उशिरात उशिरा जूनमध्ये परत आला. वाचनालयात जाऊन फुकट वाचणाऱ्याला ऑक्टोबर उजाडला. हा फरक कुठल्याही वहीत नोंदलेला नाही, दोन आदेशांच्या तारखा जुळवल्या तरच तो सापडतो.

कागदातून विषाणू पसरेल, ही भीती खोटी ठरवायला तेव्हा हाताशी पुरावाही नव्हता. अमेरिकेत ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालयांसाठी चाललेल्या ‘रील्म’ प्रकल्पाचा पहिला निकाल जून २०२० मध्ये आला. सुटी ठेवलेली पुस्तके तीन दिवसांनी निर्धोक दिसली. पुढे एकमेकांवर रचलेल्या पुस्तकांवर मात्र सहाव्या दिवशीही विषाणू आढळला. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांची चळत रचून ठेवण्याची आपली पद्धत पाहता ही गोष्ट कामाची होती.

वाचनालयांतल्या अभ्यासिकांची गरज किती होती, हे ताडायला राज्य लोकसेवा आयोगाची प्रसिद्धीपत्रके उपयोगी पडतात. ५ एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत ११ ऑक्टोबरवर आली, ती तारीखही रद्द झाली. मग १४ मार्च २०२१, आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर अखेर २१ मार्च. पुण्याच्या पेठांतून गावी परतलेल्या उमेदवारांना या काळात शांत टेबल-खुर्ची हवी होती. ती देणारी खोली गावात असली तरी तिला ऑक्टोबरपर्यंत कुलूप होते. परीक्षा होऊन महिनाही लोटला नाही तोच दुसऱ्या लाटेतले राज्याचे ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले आणि अत्यावश्यक सेवांच्या यादीत याही वेळी वाचनालय बसले नाही.

देवघेव नोंदवही वाचताना एक खबरदारी घ्यावी असे मला वाटते. मधले रकाने कोरे आहेत म्हणून पुस्तके फिरलीच नाहीत, असे म्हणता येत नाही. आदेशभंगाबद्दलच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ची टांगती तलवार असताना कुणी ग्रंथपाल शेजाऱ्याला पुस्तक देऊन त्याची तारीखवार नोंद कशाला ठेवील? आपणच आपल्याविरुद्ध पुरावा लिहिण्यासारखे ते झाले असते. हे अनुमान आहे. ते तपासायला त्या काळात सभासद असलेल्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतील, आणि त्या आताच घ्यायला हव्यात.

पैशाची बाजू मात्र अनुमानावर सोडायची गरज नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’ वर्ग वाचनालयाला त्या वेळी वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होते. महिन्याला २,५०० झाले. त्यातला निम्मा भाग पगाराचा, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती १,२५०. उरलेल्यात पुस्तके, पेपर, वीजबिल आणि असेल तर भाडे. साथीत फवारणीचा, सॅनिटायझरचा खर्च वाढला तो यातूनच. वर्गणीची पावतीपुस्तके बंद काळात कशी भरणार, हा प्रश्न वेगळाच. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि ‘ड’ वर्गाची रक्कम ४८,००० वर गेली. दर त्याआधी वाढले होते ते २०१२-१३ मध्ये. साथीची दोन्ही वर्षे जुन्याच आकड्यावर काढली गेली.